कँटीनमधलं सांबार

आत सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं आणि बाहेर सासूबाई कँटीनच्या स्वैपाक्याशी भांडत होत्या. चेन्नईतल्या त्या हॉस्पिटलात आम्ही सकाळपासून बसलो होतो. नवरा सारखा बंद दारापाशी जाऊन यायचा. मी फोनवर नको ते वाचून स्वतःलाच घाबरवून घेत होते. सासूबाईंचे पाय थरथरत होते, म्हणून म्हटलं, चला, दोन घास खाऊन घ्या.

तिथंच चुकलं. तंजावरी मराठी माणसापुढे परक्याच्या हातचं सांबार ठेवू नये. सांबार आपल्याच पूर्वजांनी जगाला दिलं, हे ही मंडळी तान्ह्या पोरालासुद्धा ऐकवतात. मी पडले साताऱ्याची. आमटीत गूळ घालते म्हणून लग्नापासून बोलणी खातेय. आणि नेमका त्या सांबारात गूळ!

"अगे, हे सांबार की पायसम?" असं मला विचारून त्या तरातरा आत शिरल्या. तमिळमध्ये त्यांचा आवाज आणखी चढतो. स्वैपाक्यानं आधी वाद घातला, मग हात जोडले, शेवटी पळीच देऊन टाकली. बघते तो काय, बाईंनी पदर खोचलेला, चिंच कोळायला घेतलेली आणि पायांची थरथर गायब!

मला लाज वाटली, रागही आला. "अम्मा, आत अप्पा तसे पडलेत आणि तुम्हाला सांबार सुचतंय?"

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "तिथं मला कोणी हात लावू देतंय का? इथं देताहेत. कांदे सोल."

मी छोटे कांदे सोलायला बसले. आणि खोटं कशाला सांगू, फोनची आठवणही झाली नाही. मीठ कमी आहे, असं एकदा म्हणून बघितलं, तर सासूबाई आणि स्वैपाकी दोघंही माझ्यावर धावून आले.

फोडणी पडली तेवढ्यात नवरा धावत आला. "अम्मा, झालं! अप्पा ठीक आहेत!"

"नीट विचारलंस?"

"डॉक्टरांनीच सांगितलं."

सासूबाईंनी गॅस बंद केला. मग त्यांचे हात असे कापायला लागले, की पळी खाली ठेवता येईना. मी एकेक बोट सोडवून ती काढून घेतली.

"फार भ्याले होते गे," त्या म्हणाल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. तशाच कांद्याच्या हातांनी मी त्यांना जवळ घेतलं.