अंगणच वाकडं होतं

धुकं इतकं दाट होतं की बोनेटपाशी उभं राहिलं तर मागची नंबरप्लेट दिसत नव्हती. मास्तरांनी तरीही बादली भरली, फडकं पिळलं आणि रोजच्यासारखी गाडी पुसायला घेतली. आधी काचा, मग बोनेट, मग डावी बाजू. सत्तावीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत होते. शेजारच्या सीटपुढे बसवलेले त्यांचे जादाचे क्लच-ब्रेक तळपायांनी घासून चांदीसारखे झाले होते. घाबरट माणसाला ते तीन आठवड्यांत रस्त्यावर आणत. फक्त जीभ तिखट. शिकाऊ माणसाच्या हातून इंजिन बंद पडलं की ते म्हणत, "माझी गाडी बंद पडत नाही. पाय बंद पडतात."

हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा ऐकलं होतं ताईनं.

ताई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. वय सेहेचाळीस. तिथल्याच रक्तपेढीच्या गाडीवर ड्रायव्हरची जागा निघाली होती आणि सोमवारपर्यंत लायसन्स दाखवलंस तर जागा तुझी, असं हॉस्पिटलच्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं. परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा कारण एकच: इंजिन बंद पडलं. "मास्तर, मी क्लच दाबलेलाच होता, गाडीच बंद पडली," असं ती रडवेली होऊन सांगायची, आणि मास्तर म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आज दुपारी बाराला तिसरी आणि शेवटची परीक्षा. आज गेलं तर पुढचे तीन महिने अर्ज करता येणार नव्हता.

म्हणून आज मास्तरांनी बाकीच्या तिघांना दुपारी चारनंतर बोलावलं आणि तिला नेहमीसारखं चौथ्या नंबरला न घेता पहिलं घेतलं. डावी बाजू पुसून होते तोच ती फाटकात उभी राहिली. बादली तशीच ठेवून ते निघाले. आणि ताईनं गाडी अशी चालवली की मास्तरांना बोलायला जागाच राहिली नाही. चढावर थांबली, निघाली, उलटी घेतली. एकदाही आचका नाही.

"आज काय खाऊन आलीस?"

"शिव्या. तुमच्याच. दोन महिन्यांच्या साठल्यात."

तिला हॉस्पिटलच्या दारात सोडून मास्तर घराकडे वळले. चौकात सिग्नल लागला. त्यांनी क्लच दाबला, गिअर काढला. आणि इंजिन बंद पडलं. अगदी शांतपणे, झोप लागल्यासारखं.

मास्तरांनी खाली पाहिलं. स्वतःचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला होता. किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावरून तसूभरही हलला नाही. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. दहा मिनिटांनी किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली, जसं काही झालंच नव्हतं.

घरी येईपर्यंत त्यांनी मनात हिशोब मांडला होता. रोजच्या चार तुकड्या. पहिल्या तीन जणांना गाडी थंड मिळायची, फार तर कोमट. ताईला मिळायची तापलेली, आज चढावरून आल्यावर झाली होती तशी. ती दोनदा नापास झाली तेव्हाही तिच्याआधी त्या गाडीत दोघांनी परीक्षा दिली होती.

"अहो, तोंड का असं झालंय?" बायकोनं विचारलं. ती जन्मभर शिवणकाम केलेली बाई. माणसाचं माप नजरेनं घ्यायची.

मास्तरांनी सांगितलं. तिनं हातातली सुई कापडात खोचली. मग म्हणाली, "सांगाल ना तिला?"

"आधी गाडी तर चालू दे."

साडेआठ वाजले होते. मास्तरांनी बॅटरीची वायर काढली आणि बोनेटमध्ये डोकं घातलं. किल्ली फिरवताना पेट्रोलच्या पंपाची गुणगुण त्यांनी ऐकली होती, म्हणजे पंप ठीक. पण काटा मेलेला होता. इंजिन फिरतंय हे गाडीला सांगतो तो क्रँक नावाच्या दांड्याजवळचा सेन्सर. अंगठ्याएवढी वस्तू. ती गप्प बसली की गाडीला वाटतं इंजिन थांबलं, आणि ती ठिणगीही तोडते, पेट्रोलही तोडते.

सेन्सर होता खाली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, एकाच दहा नंबरच्या बोल्टवर. आणि बोल्ट गंजून बसलेला. मास्तरांनी पाना लावला, जोर दिला. बोल्ट करकरला आणि थांबला. तुटला असता तर खेळ तिथेच खलास. त्यांनी गंज सोडवायचं तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा जोर दिला. अर्धा आटा सोडवायचा, पाव आटा कसायचा, परत सोडवायचा. गरम नळीला टेकून कोपराजवळ चटका बसला तरी हात मागे घेतला नाही. नऊ वीसला बोल्ट आला.

सेन्सर पुसून त्यांनी तारेचा रोध मोजायच्या मीटरच्या दोन सुया त्याला लावल्या. आठशे सत्तर. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं तितकंच. सेन्सर धडधाकट!

मास्तर पायरीवर मटकन बसले. हा चांगला, तर मग बिघाड कुठे? आणि उरलेत अडीच तास.

बायको चहाचा कप घेऊन आली. तिनं त्या तुकड्याकडे पाहिलं. "थंड आहे का तो?"

"आता झाला."

"मग आत्ता काय सांगणार तो? थंड डोक्यानं सगळेच शहाणे असतात. तुम्हीसुद्धा. तापवून बघा."

ती आत गेली आणि लेकीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आली. तिनं ड्रायर धरला, त्यांनी सुया. आठशे सत्तर. नऊशे दहा. नऊशे साठ. आकडा सावकाश चढत होता, तापल्यावर तो चढणारच. हजार. हजार चाळीस. हजार साठ. आणि एकदम आकडाच नाहीसा झाला. आतली तार सुटली होती. तापली की फाकायची, निवली की चिकटायची.

"सापडला चोर," बायको म्हणाली. "आणि आपण बिचारीच्या पायाला फाशी दिली."

शेजाऱ्याची स्कूटर मागून मास्तर पार्टच्या दुकानी पोचले तेव्हा शटर नुकतं वर जात होतं. जुना सेन्सर दाखवून तसाच नवा घेतला. घरी येऊन आधी तोही ड्रायरखाली धरला. दुधानं तोंड पोळलं होतं. आकडा चढला, पण टिकला. मग भोक पुसलं, रबराच्या कडीला तेलाचं बोट लावलं, सेन्सर बसवला, बोल्ट हातानंच चार आटे फिरवून मग पान्यानं कसला. बॅटरी जोडली. किल्ली फिरवताच काट्यानं मान वर केली.

पण थंड गाडीवर आता कोण विश्वास ठेवणार! दहा पंचविसापासून मास्तरांनी गाडी दारात चालू ठेवली आणि काट्यावर डोळे रोखून बसले. पंखा लागला, थांबला, परत लागला. समोरच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "मास्तर, गाडी शिकवताय की भाजताय?" सव्वाअकरा वाजले. इंजिन एका लयीत चालू होतं.

आता खरं अवघड काम होतं. काही न बोलता गेलं असतं तरी चाललं असतं. ताई पास झाली असती, आणि मास्तरांनीच पाय सुधारला असं जन्मभर सांगत राहिली असती.

हॉस्पिटलच्या दारात ती उभी होती. ओठ कोरडे, हातात कागदांची पिशवी. बसल्या बसल्या तिनं चप्पल काढून पाय मोकळा केला.

"ताई, थांब. तुझ्या पायात काही खोट नव्हती."

"आता धीर देऊ नका, मास्तर. जास्तच भीती वाटते."

त्यांनी खिशातून जुना सेन्सर काढून तिच्या तळहातावर ठेवला. सगळं सांगितलं. चौथी तुकडी, तापलेली गाडी, दोन्ही परीक्षा. शेवटी म्हणाले, "अंगणच वाकडं होतं. मी तुला नाही नाही ते बोललो. चुकलं माझं." हे दोन शब्द सत्तावीस वर्षांत त्या गाडीत कुणी ऐकले नव्हते.

ताईनं तो तुकडा तळहातावर उलटा केला. "दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते मी. उशी लोडाला टेकवून रात्रंदिवस क्लच दाबत बसायचे. घरचे म्हणायचे, बाईला वारं लागलं." मास्तर मान खाली घालून ऐकत होते. तिनं सेन्सर पिशवीत टाकला. "हा माझ्याकडे राहू दे. चला. तुमचे बारा वाजलेच आहेत, माझे वाजायच्या आत पोचू."

मैदानावर मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. गाडी कडकडीत तापलेली. शेजारच्या सीटवर परीक्षक साहेब, मांडीवर पाटी. ताईनं आठाचा आकडा काढला. चढावर थांबली. मागच्या नळीतून निघणारा धूर मास्तर डोळे फाडून बघत होते. धूर तुटला की संपलं. साहेबांनी मुद्दाम वेळ लावला, काहीतरी लिहीत बसले. एक मिनिट. दीड मिनिट. धूर येत राहिला. मग गाडी जराही मागे न सरकता वर चढली.

खाली आल्यावर कागदावर 'पास' लिहीत साहेब म्हणाले, "पाय फार चांगला आहे हो यांचा."

ताईनं मास्तरांकडे पाहिलं. पिशवी छातीशी धरून धुलाईखान्याकडे निघाली. चादरींची पाळी सुटायची होती अजून.

मास्तर घरी आले. चारची तुकडी यायची होती. गाडीची डावी बाजू लखलखत होती, उजवी तशीच मळकी. बादलीतलं पाणी गार पडलं होतं. त्यांनी ते ओतून दिलं, नवं भरलं, फडकं पिळलं आणि उजवं दार पुसायला घेतलं.