भिंतीपलीकडचा फोन

स्फाक्स बंदरातल्या आमच्या इमारतीत नझीहाला सगळे खालती म्हणतात, म्हणजे मावशी. या खालतीच्या तोंडून शेजारच्या इन्साफचं नाव आता दुआ जोडल्याशिवाय निघत नाही. चूल पेटवली की इन्साफचं भलं होवो, जिना चढून दम लागला की इन्साफच्या लेकरांना उदंड आयुष्य मिळो. आणि हीच बाई गेल्या वर्षापर्यंत त्याच इन्साफच्या नावानं बोटं मोडत होती, साऱ्या जिन्यानं ऐकलंय. गच्चीवर इन्साफचे ओले कपडे खालतीच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर ठिबकायचे. तिचं शिलाई मशीन नेमकं दुपारच्या झोपेच्या वेळी खडखडायचं. वर तिचा तो फोन. दूर महदिया गावातल्या बहिणीला ती दिवसभर निरोप बोलून पाठवायची, मशीन चालू आणि तोंडही चालू. एवढ्या मोठ्यानं बोलायचं तर फोन कशाला हवा, महदियापर्यंत असंच ऐकू जाईल, असं खालती म्हणायची.

खालतीचा स्वतःचा फोन बटणांचा, तोही मसुराच्या डब्यामागे ठेवलेला. परदेशात राहणारी लेक रौदा शुक्रवारी लियाँहून बोलायची तेवढ्यापुरता तो बाहेर यायचा. मोठा फोन घे, त्यात माझं तोंड दिसेल, म्हणून लेकीनं किती विनवलं, पण ही ढिम्म हलली नाही. घरात एक आवाज आहे तो मला पुरे, असं सांगून मोकळी व्हायची.

त्यात खोटं काही नव्हतं. खालतीचा नवरा शादली, मानानं सगळे सी शादली म्हणायचे, मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. असा गळा त्या बाजारात पुन्हा झाला नाही. खालती चपला शिवणाऱ्या अबोल माणसाची मुलगी. तिच्या माहेरी जेवताना फक्त चमचे वाजायचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिनं कानांत कापूस घातला होता म्हणतात. दुपारी शादली घरी यायचा, हात धुवायचा आणि जेवता जेवता अख्खा बाजार सांगायचा. कुणी कुणाला टोपी घातली, कोण भाव पाडायला बघत होता, सगळं सोंगं काढून. जेवण झालं की रेडिओ लावायचा आणि बातम्या देणाऱ्याशी भांडायचा. खालती काही न बोलता ऐकायची. लेकीचं लग्न, घरातली मरणं, वाढत गेलेली महागाई, सगळं तिनं असंच त्याच्या आवाजाच्या आडोशाला निभावून नेलं.

मग साखरेच्या दुखण्यानं शादलीचे डोळे गेले. डोळे गेले तरी तोंड चालू होतं, म्हणून खालतीनं फारसं मनावर घेतलं नाही. तो घरात बसून बाजाराची आठवण काढायचा. ईद झाल्यावर जुने सोबती त्याला हाताला धरून बाजारात घेऊन गेले. एकदा पुकारा, सी शादली, कान तरसलेत आमचे, असं म्हणाले. त्याला उंचावर उभं केलं. शादलीनं गळा साफ केला आणि बोय माशांचा भाव पुकारायला सुरुवात केली. बोली चढत गेली. सगळे अदबीनं आकडे सांगत होते. शेवटी सवयीनं त्यानं पेटीत हात घातला, तर बोटांना कोळंबीच्या मिशा लागल्या. पोरांनी पेट्या सरकवल्या होत्या. आपण कोळंबीपुढे उभं राहून बोय विकतोय, हे अख्ख्या बाजाराला दिसत होतं, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नव्हता.

मला घरी न्या, एवढंच तो बोलला. त्यानंतर त्यानं बोलणंच सोडलं.

डॉक्टरांनी गळा तपासला आणि गळ्यात काही बिघाड नाही असं सांगितलं. खालती विचारायची ते तो मान हलवून सांगायचा. पाणी हवं असलं तर पेला वाजवायचा. उन्हाळा गेला, झाडांवरून ऑलिव्ह उतरायला लागले, तरी घरात आवाज म्हणून नाही. भरीला तो जुना रेडिओही एक दिवस धूर सोडून बंद पडला. तेव्हा मात्र खालती घाबरली. सगळा जन्म ऐकण्यात गेलेला, बोलायची सवय कुठली? तरी स्वयंपाकघरात उभी राहून ती मोठमोठ्यानं बोलायला लागली, आज टोमॅटो कसे मिळाले, खालच्या मजल्यावर कोण आलंय. पलीकडून हूं की चूं नाही. बोलून बोलून तिचाच घसा बसायचा. एवढं करूनही हा माणूस असाच मुक्यानं जाईल की काय, ही धास्ती तिला लागली.

रौदाला हे कळल्यावर तिनं कुणाच्या तरी दिराबरोबर लियाँहून एक खोकं पाठवलं. आत तीन पांढरे स्पीकर, तीन खोल्यांना तीन, वायर फक्त विजेची. जगातलं कुठलंही रेडिओ केंद्र यावर लागतं आई, बाबा भांडतील बघ पुन्हा, असं ती फोनवर म्हणाली. खालतीनं एक स्पीकर शादलीच्या उशाशी ठेवला, एक स्वयंपाकघरात, एक बैठकीत. बटण दाबलं. दिवा लुकलुकला. बाकी काही नाही. खोक्यातल्या कागदावर पहिल्याच चित्रात एक हात होता आणि त्या हातात मोठा फोन. खालतीनं कागद उलटासुलटा करून पाहिला, पुढच्या प्रत्येक चित्रात तोच हात आणि तोच फोन. विजेच्या सामानाच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, मोठ्या फोनशिवाय हे सुरूच होत नाही खालती, आधी फोनवरून याला ओळख द्यावी लागते. खालती भडकली. बोलायला आणलेली वस्तू, आणि तिला तोंड उघडायला दुसऱ्याची परवानगी लागते, हे कुठलं शहाणपण?

पण रागानं स्पीकर सुरू होणार नव्हता. वर्षभर जिच्या नावानं खडे फोडले तिचंच दार ठोठावायची पाळी आली. इन्साफ तोंडात टाचण्या धरून दारात आली, ऐकून घेतलं आणि मशीन तसंच टाकून खालतीच्या मागोमाग निघाली. कपाळाला आठी नाही की मागचा एक शब्द नाही. जमिनीवर मांडी ठोकून बसली, फोनवर बोटं फिरवली, भिंतीपलीकडून स्वतःचं इंटरनेट जोडून दिलं. थोड्या वेळात तिन्ही खोल्यांतून एकदम बातम्या सुरू झाल्या. पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरून तिनं तिच्या केसांचा मुका घेतला.

अडचण एकच होती. खालतीकडे मोठा फोन नाही, म्हणून स्पीकर बांधले गेले इन्साफच्या फोनला. त्यावर दोघींनी तोडगा काढला. सकाळी मशीनवर बसली की इन्साफ पलीकडून रेडिओ लावायची. आवाज वाढवायचा असला की खालतीनं भिंतीवर एक थाप मारायची, बंद करायचा असला की दोन. इन्साफनं या कामाची कधी कुरकुर केली नाही. उलट स्फाक्सच्या केंद्रावर मासळीचे भाव सांगतात ते ती आठवणीनं लावायची.

शादलीनं मात्र पहिल्याच दिवशी स्पीकरकडे पाठ केली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. भाव सांगत होते तेव्हा त्यानं पांघरूण कानावर ओढून घेतलं. खालती दारात उभी राहून बघत होती. ताटातला मासा तसाच ठेवून तो झोपला. तिनं ताट उचललं, इन्साफला जाऊन सांगितलं की ऐकतात बरं का, मान डोलावतात, जेवलेसुद्धा पोटभर. एवढं बोलून ती जिन्यात जाऊन बसली.

असंच चाललं होतं. एका दुपारी जेवणं झाली, खालतीनं भिंतीवर दोन थापा मारल्या, रेडिओ बंद झाला. शादली पडून होता, खालती भांडी घासत होती. तेवढ्यात तिन्ही स्पीकरमधून एकदम मशीनचा खडखडाट सुरू झाला आणि त्यातून इन्साफचा आवाज. बहिणीला पाठवलेला निरोप मशीनच्या आवाजात नीट गेला की नाही, ते ती स्वतःच ऐकून बघत होती. रेडिओ बंद केला तरी फोन स्पीकरलाच जोडलेला राहिला होता, आणि आपला फोन पलीकडच्या घरात बोलतोय याचा तिला पत्ताच नव्हता.

"अगं कसला आजारी," इन्साफ तिन्ही खोल्यांतून सांगत होती, "धडधाकट आहे म्हातारा, रुसून बसलाय नुसता. बाजारानं तोंडावर सांगितलं नाही म्हणून बायकोवर राग? आणि ती बिचारी मला रोज येऊन सांगते, आज बोलले, आज हसले, आज दोनदा वाढून घेतलं. सगळं खोटं गं. मासा ती मांजरीला घालते, मी बघते ना. मग जिन्यात बसते, बोळा केलेला रुमाल तोंडात धरते आणि रडते, घरात आवाज जाऊ नये म्हणून. मी दार उघडत नाही, तिला लाज वाटेल. सोन्यासारखी बाई माझ्या डोळ्यांदेखत झिजून चाललीय आणि तो तिथं भिंत बघत पडलाय. डोळे गेले त्याचे, कानही गेले का?"

खालतीच्या हातातली थाळी मोरीत पडली. भिंतीवर थापा मारायला ती धावली. पलीकडे इन्साफला फोनमधून काहीच ऐकू येईना, म्हणून तिनं आवाज पुरता चढवला आणि निरोप पुन्हा सुरुवातीपासून लावला. कसला आजारी, धडधाकट आहे म्हातारा, म्हणून सगळं घर दणाणलं. खालती खोलीत पोचली तेव्हा शादली उठून बसला होता. तिची चाहूल लागताच त्यानं हात वर केला, भिंतीला हात लावू नको म्हणून. लिलावात बोली थांबवायला तो असाच हात वर करायचा. निरोप त्यानं शेवटपर्यंत ऐकला.

"इन्साफ!" शादली ओरडला. कितीतरी महिने न वापरलेला तो गळा, त्यातून आधी घोगरा आणि मग पुरा आवाज निघाला. खालच्या मजल्यावर लोक दारात आले. पलीकडे मशीन थांबलं. काय झालं असावं हे इन्साफला तेव्हा कळलं, आणि ती तशीच अनवाणी धावत आली, दारात उभी राहून माफी मागायला लागली. शादलीनं तिला पुढं बोलू दिलं नाही.

"पोरी, इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोलणारी तू पहिली," तो म्हणाला. "अल्ला तुझं भलं करो. आता घरी जा, आणि तो फोन जरा बंद ठेव."

इन्साफ डोळे पुसत गेली. तिच्यामागे दार लागल्याचा आवाज झाल्यावर शादलीनं गादीवर आपल्या शेजारची जागा हातानं चाचपली, तिथली उशी बाजूला केली.

"नझीहा," तो म्हणाला, "जिन्यात गार लागतं. इथं बसून रड, मला ऐकू येईल असं."

खालती बसली, आणि रुमाल न घेता रडली.