वहीत नसलेला प्रोजेक्टर

जठारपेठेत कुणाला मिक्सर घ्यायचा असो की कुलर, आधी साधनाताई वऱ्हाडपांड्यांकडे एक चक्कर व्हायची. साधनाताई अमरावतीला कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, अकोल्याला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी त्यांनी वहीचं एक पान आखलं. दुकान, कंपनी, वजन, आवाज, हमी आणि शेवटच्या रकान्यात ‘दुकानदार खरं बोलतो का’. कुलर घेताना त्या चार दुकानांत प्रत्येक कुलरसमोर दहा-दहा मिनिटं खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारची श्रावणी त्यांना ‘वस्तूंच्या परीक्षक’ म्हणायची. साधनाताईंना ते आवडायचं.

म्हणून त्यांच्याकडे बावीस वर्षं भांडी घासणाऱ्या पार्बताबाईने एका सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या विचारलं, “मॅडम, मले एक प्रोजेक्टर निवडून देसान का?”

“तुला? प्रोजेक्टर?” साधनाताई हसल्याच.

पार्बताबाईची नात आचल अमरावतीच्या वसतिगृहात राहून कबड्डी खेळायची. यंदा ती राज्याच्या संघात निवडली गेली होती. सामने हरियाणात होते आणि मोबाइलवर थेट दिसणार होते. “एका मोबाइलवर आमची पुरी गल्ली कशी पाहीन? माह्या नावाची भिशी लागली. भिंतीवर पाहू म्हनलं पोरीले. पन त्याच्यातलं मले काही समजत नाही. तुमी कसं वहीत लिहून घेता, तसं पाहून द्या.”

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी दोघी ऑटोने गांधी रोडवरच्या एका दुकानात गेल्या. साधनाताईंना साडेबाराला वाचनालयात पोचायचं होतं, म्हणून त्यांनी ऑटो थांबवून ठेवला. वही पिशवीत होती. ती बाहेर निघाली नाही.

दुकानात प्रणाली नावाची मुलगी होती. तिने मागच्या अंधाऱ्या खोलीत दोन प्रोजेक्टर लावून दाखवले. एक मोठा चकचकीत, खोक्यावर उजेडाचा आठ हजारांचा आकडा. दुसरा डब्याएवढा, साधा. किंमत जवळपास सारखी.

“मॅडम, हा मोठा आकडा नुसता खोक्यावरचा आहे,” प्रणाली म्हणाली. “याचा खरा उजेड फार कमी पडतो. छोट्याचा आकडा लहान दिसतो, पण तो मोजलेला आहे. तुम्ही कुठे लावणार? घरात की बाहेर? बाहेर दिवा आहे का?”

खरं तर हाच साधनाताईंचा प्रश्न. स्वतःसाठी घ्यायचा असता तर तो त्यांनीच विचारला असता आणि मुलीला पंधरा मिनिटं घाम फोडला असता. पण बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. पार्बताबाई तोंड उघडणार, तेवढ्यात साधनाताई काउंटरवरच्या मालकाकडे वळल्या आणि शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, की या लोकांना काय फरक कळणार, चित्र मोठं दिसलं म्हणजे झालं, मोठा तोच बांधून द्या.

मालकाने मान डोलावली. प्रणाली खाली बघत वायर गुंडाळू लागली. पार्बताबाईने खोकं काखेत घेतलं. ऑटोत ती म्हणाली, “बरं झालं मॅडम, तुमी आल्या.”

शुक्रवारी संध्याकाळी खदान वस्तीतल्या पार्बताबाईच्या गल्लीत साधनाताईंना मानाचं बोलावणं होतं. पार्बताबाईच्या मुलाने, नागसेनने, समोरच्या भिंतीला चुन्याचे दोन हात मारले होते. सतरंज्या घातल्या होत्या. पहिल्या ओळीत एकच प्लास्टिकची खुर्ची होती, साधनाताईंसाठी. त्यांच्या हातात शेवंतीची फुलं देऊन पार्बताबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “मॅडमनं पाच दुकानं पाहिले. हरेक दुकानात वही काढली, लिहून घेतलं, मंगच निवडला.”

टाळ्या पडल्या. साधनाताईंनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

सामना सुरू झाला आणि भिंतीवर काहीतरी हललं. गल्लीच्या तोंडाशी पालिकेचा पांढरा दिवा होता, त्याचा उजेड थेट भिंतीवर पडत होता. त्यात चित्र दुधात पाणी घातल्यासारखं विरून गेलं होतं. मैदान कुठलं, मुली कुठल्या, काही कळेना.

“अवो, हे कबड्डी आहे का धुकं?” मागून एकजण म्हणाला.

“आचल कोनती वो? मले तर साऱ्या भुतावानी दिसून राहिल्या!”

“आजी, तुह्या भिशीचा उजेड पडला बरं!”

हसण्याचा गदारोळ झाला. दिव्यावर गोणपाट टाकायला एकजण खांबावर चढला, तर बायकांनी ओरडून खाली उतरवला. शेवटी नागसेनने मोबाइल उभा धरला आणि तीस-चाळीस डोकी त्याच्यावर वाकली. आचलचा संघ जिंकला हे पार्बताबाईला दुसऱ्याने सांगितलं. ती प्रोजेक्टरची वायर काढत होती.

साधनाताईंना कुणी एक शब्द बोललं नाही. उलट एक म्हातारी त्यांची समजूत घालत म्हणाली, “तुमी काय करसान बाई, तुमी तं पाच दुकानं हिंडल्या.”

शनिवारी सकाळी पार्बताबाई नेहमीच्या वेळी आली आणि नळाखाली भांडी लावू लागली. साधनाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकच बाहेर पडलं.

“पार्बताबाई, तुम्ही लोकांना खोटं का सांगितलं?”

“तुमी-बिमी राहू द्या. तूच म्हना. आंगावर काटा येते.”

“मी पाच दुकानं पाहिली नाहीत. वहीही काढली नाही. मी... घाई केली.”

पार्बताबाईने कढई उपडी ठेवली. “घाईचं काही नाही मॅडम. घाई सगळ्याइलेच असते. मालकाजवळ जे बोलल्या, ते सांगा.”

साधनाताई दोन पावलं आत आल्या. “तुला समजलं?”

“बावीस वर्सं झाले या घरात. साहेब होते तवा तुमी दोघं भांडनं इंग्रजीतच करत होते, मले समजू नये म्हून. त्याच्यातच शिकली मी.” ती क्षणभर हसली, मग हसू पुसून टाकलं. “आता मराठीत म्हना.”

“काय?”

“तेच. दुकानातलं. मले तोंडावर म्हना.”

साधनाताईंनी एकतीस वर्षं वर्गासमोर बोलून काढली होती. त्यांना ते एक वाक्य म्हणायला नळाखालचं पातेलं भरून वाहेपर्यंत वेळ लागला. “या लोकांना काय फरक कळणार... चित्र मोठं दिसलं म्हणजे झालं.” इंग्रजीत ते व्यवहाराचं वाटलं होतं. मराठीत, या ओट्यासमोर, बावीस वर्षं धुतलेल्या भांड्यांसमोर, ते त्यांच्याच कानांना ऐकवेना.

“हं,” पार्बताबाई म्हणाली आणि नळ बंद केला. “मले फरक समजला होता, मॅडम. त्या पोरीनं दिव्याचं इचारलं तवाच समजला. पन तुमी निवडून राहिल्या होत्या, तुमच्या वरून कशी बोलू? तुमाले शिकलेल्या म्हून नेलं होतं.”

“मग काल सगळ्यांसमोर माझी बाजू का घेतलीस?”

“तुमी माह्या पाव्हन्या होत्या.”

साधनाताईंनी खुंटीवरची पिशवी काढली, वही आत टाकली आणि म्हणाल्या, “चल, तो बदलून आणू.”

उपांत्य सामना त्याच संध्याकाळी सहाला होता. अकराला दोघी पुन्हा ऑटोने गांधी रोडवर गेल्या आणि ऑटो बाहेर थांबवून ठेवला. खोकं शाबूत होतं, प्रणालीने मालकाला मनवलं आणि बदलून द्यायचं ठरलं. साधनाताईंनी वही काढली, तशी पार्बताबाईने आपल्या पिशवीतून धुतलेली पांढरी चादर काढली.

“मागच्या खोलीत नको,” ती प्रणालीला म्हणाली. “इथं, दाराजवळ लाव. ट्यूबलाइट चालू राहू दे. आमच्या गल्लीत दिवा आहे.”

“चादर धरणार कोण, आजी?”

पार्बताबाईने साधनाताईंकडे पाहिलं. साधनाताईंनी वही पिशवीत टाकली आणि दुकानाच्या मधोमध दोन्ही हात वर करून चादर धरली. प्रणालीने मोबाइलवरून कालचाच सामना लावला आणि छोट्या प्रोजेक्टरचा झोत त्यांच्यावर पडला. चादरीआडून त्यांना उलट्या बाजूने मैदान दिसत होतं, धावणाऱ्या मुली दिसत होत्या. पलीकडे पार्बताबाई एकेक पाऊल मागे जात होती, आपल्या गल्लीतलं अंतर मोजत.

बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. त्यांत त्यांचा एक जुना विद्यार्थीही होता. “मॅडम, तुम्ही?” तो म्हणाला.

“हो, मीच,” साधनाताई चादरीआडून म्हणाल्या.

“वर धरा मॅडम, डावा हात खाली येऊन राहिला,” पार्बताबाई लांबून म्हणाली. मग चादरीवर आचल सापडेपर्यंत बघत राहिली. “हा बरा आहे. पन अजून एक आहे ना त्या फळीवर? तोही लाव, पोरी.”

साधनाताईंचे खांदे भरून आले होते. हॉर्न पुन्हा वाजला. त्यांनी मान दाराकडे वळवून ऑटोवाल्याला ओरडून सांगितलं, “तू जा. आम्हाला वेळ आहे.”