नाल्यातून न्हाई न्यायचं

पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात ग्रंथवाचन चालायचं. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढे फरशी टाकलेला ओटा आणि ओट्यालगत निळा झेंडा. बाया दिवसभर खुरपायला जायच्या. संध्याकाळी हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून यायच्या. वाचायला मात्र कोणी नसायचं. वस्तीतल्या पोरींमध्ये आठवीपर्यंत मीच पोचलेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

सेनगावकडच्या साखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. नव्वदचं दशक निम्म्यावर आलं होतं. वडील शाळेत शिपाई होते आणि चळवळीतले होते. घरातला देव्हारा आजोबांनीच काढून टाकला होता, तरी वडील अधूनमधून कोनाडे तपासायचे. बुद्ध देव नाही, वाट दाखवणारा आहे, त्याच्यापुढे रडायचं नसतं, असं ते आम्हाला सांगायचे. आई मात्र बुद्धवंदना म्हणताना रडायची. रोज नाही, पण बऱ्याचदा. ती काही मागत असेल असं वाटायचं नाही, आणि दुःखात असेल असंही नाही. वंदना झाली की डोळे पुसून ती चुलीपुढे बसायची आणि पिठात पाणी जास्त झालं म्हणून कुरकुरायची. त्या रडण्याला काय म्हणायचं, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

एके दिवशी वाचनात बुद्धाच्या मावशीची गोष्ट आली. आई वारल्यावर त्याला तिनंच वाढवलेलं. तिला भिक्खूसंघात यायचं होतं आणि त्यानं नाही म्हटलं. मग ती बऱ्याच बायांना घेऊन अनवाणी चालत गेली. पाय सुजले, अंगभर धूळ झाली, आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. इथपर्यंत वाचलं आणि खांबाला टेकून बसलेल्या म्हातारीनं मला थांबवलं. ही म्हातारी वस्तीत सगळ्यांत थोर. वाचन चालू असताना ती झोपते, असा आमचा समज होता.

"त्यानं आधी न्हाई काहून म्हणलं?" तिनं विचारलं.

मी ग्रंथात पाहिलं. मागचं पान उलटलं. मला उत्तर सापडेना. बाया माझ्याकडे बघत होत्या, जणू काही ते मी लपवून ठेवलंय. शेवटी आई म्हणाली, "पुढं वाच." पुढे त्या बायांना प्रवेश मिळाला, म्हणून सगळ्या खूश झाल्या. म्हातारी मात्र खूश झाली नाही. घरी मी वडलांना विचारलं. ते म्हणाले, त्या काळची परिस्थिती तशी होती. परिस्थिती बुद्धालाही असते का, असं मला विचारायचं होतं, पण ते सायकल पुसायला लागले.

भादव्यात म्हातारी वारली. दिवसभर पाऊस होता. आमचा मसनवटा नाल्यापलीकडे. तिथं जायला जुनी पांदण होती, पण ती एका शेतकऱ्यानं आपल्या शेतात घेतली होती आणि तोंडाशी बोराटीचं कुंपण घातलं होतं. उन्हाळ्यात लोक वळसा घालून कोरड्या नाल्यातून जायचे. पावसाळ्यात त्याच नाल्यातून कमरेइतक्या पाण्यात मयत न्यावी लागायची. आदल्या वर्षी माझ्या चुलत आजोबांना नेताना तिरडी कलंडली. ते पाण्यात गेले नाहीत, पण डोकं भिजलं. आईनं ते काठावरून पाहिलं होतं. त्यानंतर पुरुषांनी सेनगावच्या तहसील कचेरीत अर्ज दिले, चकरा मारल्या, आणि मग सोयाबीनच्या काढणीला सगळे त्याच शेतकऱ्याकडे कामाला गेले. आयाबायाही गेल्या. दुसरीकडे काम नव्हतं.

त्या दिवशीही तिरडी बांधून पुरुष नाल्याकडे निघायच्या तयारीत होते. आई पुढे झाली.

"नाल्यातून न्हाई न्यायचं," ती म्हणाली.

मग कुठून, असं कोणीतरी विचारलं. ती पांदणीकडे बघत राहिली. पुरुषांमध्ये बोलाबोली सुरू झाली. उद्या काम कोण देणार, पोलीस आले तर काय, थोडा पाऊस कमी होऊ द्या. ते सगळं चालू असताना आई आणि आणखी तिघी जणी तिरडीजवळ गेल्या आणि त्यांनी खांदा दिला. तेव्हा वडील म्हणाले, बायांनी खांदा द्यायचा नसतो.

मला ते ऐकून चमत्कारिक वाटलं. कोनाडे तपासणारे, नवससायास बंद करायला लावणारे, पोरीला शिकवलंच पाहिजे म्हणणारे माझे वडील. आईलाही ते तसंच वाटलं असावं. तिनं खांद्यावरची तिरडी न हलवता विचारलं, "कुठं लिवलंय?" आणि ती माझ्याकडे वळली, कारण ग्रंथ मी वाचत होते. मी मान हलवली. नाही लिहिलेलं, असं सांगायचं होतं का माहीत नाही असं, ते मलाच ठरवता आलं नव्हतं. तिनं मात्र काय घ्यायचं ते घेतलं आणि चालायला लागली.

पांढऱ्या साड्यांमधल्या बाया चिखलातून त्रिशरण म्हणत निघाल्या. मागे मी, आणि बऱ्याच अंतरानं पुरुष. कुंपणापाशी शेतकरी आणि त्याचा भाऊ उभे होते. कोणीतरी आधीच निरोप दिला असणार. उभं पीक तुडवलं जाईल, तुमचं काय ते कचेरीत जाऊन भांडा, असं तो म्हणाला. तो ओरडला नाही. यातल्या प्रत्येक बाईला तो नावानं ओळखत होता.

आता आई भांडेल असं मला वाटलं. तिनं तिरडी खाली ठेवायला लावली आणि चिखलात बसली. बाकीच्याही बसल्या. त्यांनी वंदना सुरुवातीपासून म्हणायला घेतली, एक ओळही न गाळता, विहारात म्हणतात तशी. शेतकऱ्यानं उगाचच टोपी काढून झटकली. ही प्रार्थना होती की धरणं होतं, मला सांगता येत नव्हतं. मी बसावं की उभं राहावं, तेही कळेना. मी अर्धवट वाकून राहिले.

तेवढ्यात शेतातल्या आखाड्यावरच्या घरातून शेतकऱ्याची आई आली. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, हातात काठी. कोण गेलं, तिनं विचारलं. सांगितल्यावर तिनं तिरडीकडे पाहिलं. मग लेकाला म्हणाली, "पितरपाट चालू हाय. दारात मयत आडवून ठिवली तर आपले पितर जेवतील का?"

तो काहीतरी सांगायला लागला. तिनं ऐकलं नाही. काठीनं ती स्वतःच बोराटी ओढायला लागली, तेव्हा नाइलाजानं त्याच्या भावानं पुढे होऊन ती बाजूला केली. बाया उठल्या. आमची म्हातारी तिरडीवरून पांदणीनं मसनवट्यात गेली, आणि खांदा शेवटपर्यंत बायांचाच होता.

त्या रात्री वस्तीत सगळे आनंदात होते. वडीलही होते, पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. वाट आमच्या हक्कानं नाही उघडली, त्यांच्या अंधश्रद्धेनं उघडली, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आई म्हणाली की उघडली ना. मला दोघांचंही पटत होतं. आम्ही बसलो नसतो तर ती बाई आलीच नसती. आणि ती आली नसती तर आम्ही किती वेळ बसलो असतो?

पुढे बाया स्वतःच कचेरीत जायला लागल्या. तिथंही बाहेरच्या झाडाखाली बसून वंदना म्हणायच्या. एकदा कारकुनानं बाहेर येऊन विचारलं की हे आंदोलन आहे का पूजा, कारण त्याप्रमाणे वर कळवावं लागतं. आई म्हणाली, तुम्हाला सोयीचं पडंल ते लिवा. बऱ्याच हेलपाट्यांनंतर मोजणी झाली, पांदण मोकळी झाली आणि तिच्यावर मुरूम पडला. तोवर दोन हजार साल उलटलं होतं आणि राखीव जागेवरून आई ग्रामपंचायतीत गेली होती. बैठकीत बोलण्याआधी ती डोळे मिटायची. सुरुवातीला पुरुष हसायचे, नंतर वाट बघायला शिकले.

पण माझी सांगायची राहिली ती गोष्ट त्याआधीची आहे. मयतीच्या दुसऱ्या वर्षी त्या शेतकऱ्याच्या आईनं महालक्ष्म्यांच्या जेवणाला माझ्या आईला बोलावलं, आणि आई गेली. विहारातल्या बायांना ते अजिबात आवडलं नाही. ज्या देवांना सोडलं त्यांच्या नैवेद्याला जायचं, मग बावीस प्रतिज्ञा कशाला घेतल्या? संध्याकाळी वडलांनी विचारलं, कुठं बसवलं होतं?

"ओसरीत," आई म्हणाली. "ती बी ओसरीतच बसली. माझ्याजवळ."

"अन् हात जोडलेस?"

"तिला जोडले."

ओसरीत बसवलं यात अपमान होता. घरची थोर बाई आतलं पान सोडून ओसरीत येऊन बसली, यात मान होता. आईनं यातलं कोणतं पोटात घातलं आणि कोणतं सोबत आणलं, हे तिनं कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी बोलावणं आलं तेव्हा ती गेली नाही. काहून, विचारलं तर म्हणाली, वावरात निंदायला जायचं व्हतं.

मी शिकले, हिंगोलीला नोकरीला लागले. तिथल्या बायांच्या एका मेळाव्यात मला आईविषयी बोलायला सांगितलं. आईही समोर बसली होती. धम्मानं माझ्या आईला बळ दिलं, त्या बळावर तिनं वाट मोकळी केली, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. आई मान हलवत होती.

तिला गावी सोडायला जाताना बसमध्ये मी विचारलं, मी चुकीचं बोलले का. ती म्हणाली, "बळ कुठलं. मला लई भ्या वाटत व्हतं. दुसरं काही तोंडात येईना, म्हून वंदना म्हणायला बसले."

म्हणजे धम्म भीतीतून आला, असं तुला म्हणायचंय का, मी विचारलं. तिनं पुन्हा मान हलवली, होकाराची की नकाराची ते रस्त्याच्या खड्ड्यांत कळलं नाही. सेनगाव आलं. ती उतरायची घाई करायला लागली, आणि तिची पिशवी मी घेतली.