कपाखालचं सासर

बशीला इंग्रजीत काय म्हणतात, हे मला पाहायला आलेल्या मुलानं शिकवलं, आणि तेही भर बैठकीत! आजही आठवलं की कानशिलं तापतात आणि हसूही आवरत नाही.

राज्य निजामाचं होतं आणि आम्ही उस्मानपुऱ्यात राहायचो. माझी जीभ गल्लीत प्रसिद्ध. "पोरगी लई बोलती," म्हणून एक स्थळ आधीच फिरलेलं. हा मुलगा गंगापूरचा, हैदराबादेत शिकलेला. दाराच्या फटीतून पाहिला आणि असा आवडला, की काय सांगू! आईनं मात्र दम भरला, "तोंड उघडशील तर बघ. चहा द्यायचा अन् खाली बघायचं."

चिनी मातीचे कप शेजारच्या मुसलमान मावशींकडून, आमच्या खालांकडून, आणले होते. आयत्या वेळी त्यांतली एक बशी फुटली, आणि तो बिनबशीचा कप नेमका त्याच्याच वाट्याला आला. चहा चांगलाच कढत होता. तो कप या हातातून त्या हातात करत राहिला आणि शेवटी हळूच मला म्हणाला, "सॉसर नाही?"

मी ऐकलं, "सासर नाही?"

अस्सा राग आला! बिनलग्नाच्या पोरीला असं विचारतात? आईचा दम गेला उडत. मी मान वर केली आणि ताडकन म्हणाले, "नाय अजून. ते तुमच्याच हातात हाय!"

त्यानं हाताकडे पाहिलं. हातात नुसता कप. वडिलांनी डोळे मिटून घेतले. हेही स्थळ गेलं म्हणून मला रडूच फुटायला आलं.

तेवढ्यात कपांबरोबर आलेल्या खाला पडद्यामागून ओरडल्या, "अगे बेटी, उनो पिरीच मांगरे, पिरीच!"

पिरीच म्हणजे बशी, एवढं मला ठाऊक होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

तो मात्र हसला नाही. पोळणारा चहा त्यानं तसाच संपवला, कप खाली ठेवला आणि आईकडे वळून म्हणाला, "बशी राहू दे, आई. हिला सासर देऊन टाकू."

आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटेना.