साडूभाऊ आणि पिसातले बिऱ्हाडकरू

पक्षी बघायला जाऊन पक्षी न बघणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. सायखेड्याच्या पुढे नदीकाठी सगळे दुर्बिणी लावून बगळे बघत असतात, तेव्हा साडूभाऊ ओणवे होऊन चिखलातली पिसं उचलत असतात. पिसाच्या पोकळ दांडीत म्हणे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात, कोळ्यांचे लांबचे भाऊबंद. आतून दांडीला सोंड खुपसून पक्ष्याच्या अंगातला रस पितात आणि तिथेच पोराबाळांसह संसार करतात. "म्हणजे घरजावईच की," मी एकदा बोलून गेलो. तेव्हा मी सासऱ्यांच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो, हे माझ्या आधी बाकी सगळ्यांच्या लक्षात आलं.

साडूभाऊंच्या सूक्ष्मदर्शकाला हौसेने डोळा लावणारे घरात एकटे सासरे, म्हणजे दादा. "आज कोण आलंय राहायला?" म्हणत खुर्ची ओढायचे. पण गळालेल्या पिसात किडे क्वचितच सापडतात. पीस गळायच्या आतच ते शेजारच्या नव्या पिसात बिऱ्हाड हलवतात. म्हणून साडूभाऊंनी एकदा गोदाघाटावरून मेलेला कावळाच उचलला आणि भर सकाळी हातात लोंबकळवत नेला. कावळे चेहरा विसरत नाहीत. तेव्हापासून साडूभाऊ घाटावर दिसले, की डोक्यावर कावळ्यांचा मोर्चा. आम्ही हसायचो, दादा सर्वांत जास्त.

मग दादाच गेले. दहाव्याला घाटावर पिंड मांडला, तर एकही कावळा खाली उतरेना. पिंपळावर नुसता कलकलाट. सासूबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "काय राहिलं हो यांचं?"

"इच्छा असेल काही. कबूल करा," गुरुजी म्हणाले.

मी पुढे होऊन खणखणीत बोललो, "दादा, तंबाखू सोडतो." कावळ्यांनी ऐकलं नाही, बायकोने ऐकलं.

साडूभाऊ माझ्या कानाशी आले. "अहो, त्यांचा राग माझ्यावर आहे. मी जातो."

"नमस्कार तरी करा."

"पुढे गेलो तर आणखी चिडतील. माझ्या वाटचा तुम्ही करा."

ते रिक्षांच्या रांगेआड गेले. कलकलाट हळूहळू निवळला. एक कावळा उतरला, मान तिरकी करून चौकशी केली आणि भाताला चोच लावली. सासूबाईंनी हात जोडले. मी दोनदा वाकलो.

साडूभाऊ एका रिकाम्या रिक्षात डोक्यावरून टॉवेल घेऊन बसले होते.

"शिवला?"

"शिवला."

"आईंनी पाहिला?"

"पाहिला."

त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला. मग, "आणि माझा नमस्कार?"

"केला. इतका वाकून, की कंबर धरली."

ते हसले. टॉवेल मात्र तोंडावरून काढला नाही. कावळ्यांनी ओळखू नये म्हणून असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि शेजारी बसून राहिलो.