व्हय म्हाराजा न मिळालेला पिक्चर

दाजीकाका कुठलंही वाक्य बोलून झालं की क्षणभर थांबत. "आज बांगडो महाग आसा," म्हणत आणि थांबत. "बशीचो पत्तो नाय," म्हणत आणि थांबत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा पुढचं विसरला. तो विसरलेला नसे. समोरून "व्हय म्हाराजा" येण्याची वाट बघत असे.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. जत्रा असो, नवस फेडायचा असो, कुणाच्या झिलाला मुंबईत नोकरी लागायची असो, दाजीकाका रवळनाथासमोर नारळ घेऊन उभे राहत आणि खणखणीत आवाजात सुरू करत, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत, तेंचा काय वायट-वाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा!" की मागे उभा असलेला सगळा गाव एका सुरात म्हणे, "व्हय म्हाराजा!" तरुणपणापासून ज्याच्या प्रत्येक वाक्याला गाव होकार देत आला, त्याला बांगड्याच्या भावावरही होकार लागणारच. घरी हे काम सुमनकाकीकडे होतं. ती तांदूळ निवडताना मान वर न करता "व्हय, व्हय" म्हणे. त्या दुसऱ्या "व्हय"चा अर्थ संसार केलेल्या माणसाला सांगायला नको.

मी त्यांची शेजारीण. मालवणात हायस्कुलात मराठी शिकवते आणि आमच्या दोन घरांत एक कुंपण नि एक फणस आहे. फणस त्यांचा, पाचोळा माझा. शिक्षिकेला लोकांच्या चुका काढायची खोड असतेच, त्यामुळे त्यांच्या थांबण्यावर मी मुद्दाम गप्प बसत असे. मग ते कुंपणापलीकडून बघत राहत. "बाय, आयाकलंस मां?" "आयकलं, दाजीकाका." "मगे व्हय म्हण." असं आमचं चालायचं.

अशा माणसाला सिनेमात घेतलं, आणि तेही तोंडातून अवाक्षर न काढणाऱ्या नावाड्याच्या भूमिकेत.

पुण्याहून केतकी नावाची एक तरुण दिग्दर्शिका गावात आली होती. शूटिंगचा नारळ फोडताना तिने दाजीकाकांचं गाऱ्हाणं ऐकलं आणि तिथेच त्यांना धरलं. पिक्चर निओ-नॉयर आहे म्हणाली. दाजीकाकांनी विचारलं, "म्हणजे काय गो?" ती म्हणाली, "काळोखातला, गुन्ह्याचा सिनेमा, काका. यात कुणी धड चांगला नसतो आणि कुणी धड वाईट नसतो."

"म्हणजे आमची भावकी," दाजीकाका म्हणाले आणि थांबले. केतकी त्या थांबण्यावरच खूश झाली. हा पॉज मला कॅमेऱ्यात पाहिजे, म्हणाली.

शूटिंगभर त्यांनी बघायचं, थांबायचं आणि वल्हवायचं, एवढंच काम होतं. ते रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन कुरकुरत. "मी थांबलंय की कोणतरी व्हय म्हणाक नको? ती बाय 'कट' म्हणता!" पण कुरकुर वरवरची होती. सकाळी गाडी यायच्या आधी ते दाढी करून ओट्यावर तयार असत, आणि गाडीत बसल्यावर मेकअपवाला ती दाढी परत चिकटवी.

पिक्चर थेटरात आलाच नाही. मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर तो गुपचूप येऊन बसला. नाव इंग्रजी होतं, ते गावात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे "दाजीचो पिक्चर" म्हणत. गोष्ट अशी, की एका बांधकामवाल्याचा खून होतो. त्याची बायको, त्याचा भागीदार आणि एक निलंबित फौजदार एकमेकांवर संशय घेत खाडीकाठी फिरत राहतात. म्हातारा नावाडी सगळं पाहतो आणि कुणाला काही सांगत नाही. शेवटी तो भल्या पहाटे धुक्यात होडी घेऊन निघतो, काठावरून फौजदार पिस्तूल उचलतो, पडदा काळा होतो, गोळीचा आवाज येतो आणि पिक्चर संपतो. खून कुणी केला हे सांगत नाहीत. नावाडी मेला की वाचला हेही सांगत नाहीत.

गावात मतं पडायला सुरुवात झाली. मासे विकणारी माई म्हणाली, "सगळो पिक्चर लायट गेल्यासारखो. माका तर माणसां वळखाकच येवक नाय." ओरोसच्या जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले सावळारामभाऊ ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "दिग्दर्शनाचा दर्जा समाधानकारक आहे, परंतु प्रकरण निकाली न काढता फाइल बंद केलेली आहे." दाजीकाकांचा दोडामार्गचा जावई म्हणाला, पिक्चर एक नंबर, आणि मग कळलं की तो मध्येच झोपला होता. पण सगळ्यांचं एकमत होतं ते एका गोष्टीवर. नावाडी खाडीत होडीत बसतो आणि पुढच्याच क्षणाला होडी निघते ती धामापूरच्या तलावात! पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला पाणी सगळं सारखंच. आमच्या लोकांना धामापूरचा तलाव न ओळखायला काय झालं? माई म्हणाली, "खाडीतसून तळयात होडी नेणारो नावाडी माका पण दाखवा, मी तेका पेडणेकर मिठायवाल्याचे लाडू भरवतंय."

इंटरनेटवर पाहणाऱ्यांनीही काही लिहिलं होतं. दाजीकाका ते मला मोठ्याने वाचायला लावत. एकाने लिहिलं होतं, नावाड्याच्या डोळ्यांतली प्रतीक्षा हाच या चित्रपटाचा आत्मा आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, म्हातारा सतत संवाद विसरल्यासारखा दिसतो. तिसऱ्याने, फार संथ, चहा करून आलो तरी म्हातारा तिथेच. प्रत्येक मत ऐकून दाजीकाका थोडे थांबत आणि मग स्वतःच हळूच म्हणत, "व्हय म्हाराजा." मला हसू आवरायचं नाही. ते मात्र रागावत नसत. "बोलाक देत गो. पैल्यांदाच कोणतरी माझ्याबद्दल कायतरी वेगळा बोलता."

पण या सगळ्या मतांची त्यांना खरं म्हणजे पर्वा नव्हती. त्यांना हवं होतं एकाच माणसाचं मत, आणि ते माणूस पिक्चर बघायलाच तयार नव्हतं. शेवटाची हकिकत सुमनकाकीच्या कानावर आली होती. ती म्हणाली, "कपाळार कुंकू आसा माझ्या. घोवाक गोळी घालताना बसान बघू?"

"मी मराक नाय गो!" दाजीकाका म्हणाले.

"मगे अरदो गाव मेले म्हणता ता कित्याक?"

दाजीकाका तडक माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या फोनवरून केतकीला गाठलं. "बाय, एक सांग. शेवटाक मी मेलंय काय जितो आसंय?" ती पलीकडून हसली. "ते आम्ही प्रेक्षकांवर सोडलंय, काका. तुम्हाला काय वाटतं?" दाजीकाका असे भडकले की फोन माझा आहे हेही विसरले. "माणसाचा मराण-जगणा प्रेक्षकांवर खंय सोडतत? ता देवावर सोडतत!" आणि फोन फणसाच्या बुंध्यापाशी ठेवून निघून गेले.

मग त्यांनी जे केलं ते आमच्या गावाबाहेरच्या माणसाला सुचलं नसतं. जी गोष्ट ठरत नाही ती गाऱ्हाण्याने ठरवायची, हा त्यांचा जन्माचा धंदा. एका रविवारी दुपारी त्यांनी गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये गाव जमवला. देवळात नको म्हणाले, देव उगाच गोंधळात पडेल. खिडक्यांना चादरी लावून मी प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवला. शेवटचा आवाज झाला, चादरी निघाल्या, आणि दाजीकाका नारळ न घेता, पण देवळात उभे राहतात तसेच पुढे उभे राहिले. रस्त्यापलीकडे सुमनकाकी आपल्या घराच्या ओट्यावर सुपारी कातरत बसली होती. तिला ऐकू जावं एवढा आवाज त्यांनी मुद्दाम लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या पिक्चरातलो म्हातारो धुक्यातसून सुखरूप पलीकडे गेलेलो आसा रे म्हाराजा!"

आणि ते थांबले.

हॉलच्या अर्ध्या भागातून सवयीने "व्हय..." निघालं आणि मध्येच विरलं. सावळारामभाऊ उभे राहिले. म्हणाले, "देवाच्या नावान खोटा कशाक बोलूचा? गोळीचो आवाज मी सोता आयाकलंय." माई म्हणाली, "तितक्या धुक्यात कोणाक गोळी लागता? शिरा पडली त्या फौजदाराच्या पिस्तुलार!" कुणी म्हणालं लागली, कुणी म्हणालं हुकली, कुणी म्हणालं मुळात गोळी नव्हतीच, होडीच आपटली. कडाक्याचं भांडण झालं. गावाचा तो एकमुखी "व्हय म्हाराजा" काही आला नाही. मी खिडकीतून पाहिलं. सुमनकाकी सुपारीचं तबक उचलून आत निघून गेली.

मला वाटलं, म्हातारा खचला. घरी जाताना मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले, तर ते उलट खुशीत होते. "बाय, आयुष्यात पैल्यांदा गावान माझा आयाकला," म्हणाले. "व्हय म्हाराजा म्हणणारो आयकत नसता. आज सगळे आयकत होते." मग कुंपणापाशी आल्यावर आवाज उतरला. "तिणी बघूक व्हया होतो पण." या वेळी ते थांबले नाहीत. होकाराची वाट न बघता बोललेलं त्यांचं ते एकच वाक्य मला आठवतं.

त्यानंतर पिक्चरचा विषय हळूहळू मागे पडला. दाजीकाका परत गाऱ्हाणी घालू लागले, गाव परत एका सुरात होकार देऊ लागला. यंदा शिमगा आटपल्यावर त्यांना साधा ताप आला आणि तापातच ते गेले. मला फार वाईट वाटलं. कुंपणापाशी उभी राहिले की अजून वाटतं. आता मी आपणहून दहा वेळा होकार दिला असता, पण पलीकडे थांबणारं कुणी नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी सुमनकाकी माझ्या दारात आली. कपाळ मोकळं. म्हणाली, "बाय, तो पिक्चर लाव."

मी म्हटलं, "काकी, आताच कशाला?"

"आता माका भिया कसला? लाव."

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. पहिला पाऊण भाग ती नवऱ्याच्या चुकाच काढत होती. "ह्यो सदरो कोणाचो? इस्त्री तरी करूची होती... दाढी बघ, काय ता ध्यान... थांबले! बघ, थयसर पण थांबले!" बांधकामवाला, बायको, फौजदार यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. शेवट जवळ आला. धुकं, होडी, पिस्तूल. पडदा काळा झाला आणि तो आवाज आला. काकी हलली नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग ती म्हणाली, "पिक्चर काय बरो नाय. काळोख नुस्तो. पण शेवट बरो केल्यान त्या पुण्याच्या चेडवान."

गावात, इंटरनेटवर, कुठेही शेवट बरा म्हणणारं माणूस मला भेटलं नव्हतं. मी विचारलं, "कसा काय, काकी?"

"अगो, तो धामापूरचो तलाव मां? लोक हसले तेका. पण खाडीत आसते तर भायर समुद्रात गेले आसते, मगे काय खरा नाय. तलावाक किती तो पल्लो? आणि वल्हवत होते ते खंय, बघलंस? देवळाच्या बाजूक. समोर भगवतीच्या पायऱ्यो आसत." तिने पदराने डोळे पुसले, लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि अगदी त्यांच्यासारखं खणखणीत म्हणाली, "पोचले ते."

आणि थांबली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.